अंगणात झुकतं झाड हवंय: विलो की बॉटलब्रश?

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. विलो मोकळा वाढला की एकट्याचाच घेर ३० ते ४० फूट होतो. कोल्हापूरच्या कळंब्याला किंवा फुलेवाडीला दोन गुंठ्यांत घर बांधून पुढं जी पंधरा-वीस फुटांची बाग उरते, तिथं विलो लावायचा विचार असेल तर आधी हा हिशेब करा.

हौस मला समजते. जमिनीकडं ओघळणाऱ्या त्या पोपटी फांद्या, वारा आला की उलटून दिसणारी पानांची फिकट बाजू. अशा झाडाखाली खुर्ची टाकून बसावंसं वाटतंच. मीही त्याच हौसेनं लावला होता, सांडपाण्यावर वाढेल म्हणून मोरीच्या बाजूला. वाढलाही भराभर, दोन पावसाळ्यांत गच्चीला लागला. तिसऱ्या वर्षी मोरी तुंबली. प्लंबरनं चेंबर उघडून पाइपातून जे ओढून काढलं ते अजून डोळ्यांसमोर आहे: हातभर लांब, तांबूस, गंगावनासारखा मुळ्यांचा झुपका, बरोबर पाइपाच्याच गोलाईचा. पाइप फुटला नव्हता. सांध्याला केसाएवढी फट होती, तेवढी पुरली.

यात झाडाचा दोष नाही. विलो मूळचा चीनचा, पाणथळीचा. शास्त्रीय नावात (सॅलिक्स बॅबिलोनिका) बॅबिलॉन आलं ते नाव देणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसच्या गैरसमजानं. ओल असेल तिकडं मुळं जाणारच. घर, टाकी, ड्रेनेज यांच्यापासून ५० फूट लांब ठेवा म्हणतात ते यासाठीच. नदीकाठी मळा असेल, विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या कडेला मोकळी जागा असेल, तर जमिनीत खुशाल लावा. तिथं त्याच्यासारखं देखणं झाड नाही.

फोटोत छत्रीसारखा दिसणारा बुटका विलो वेगळा. तो उभ्या खोडावर कलम बांधून केलेला असतो आणि कलम जिथं बांधलं त्याच्यावर उंची फारशी वाढत नाही, म्हणून सहा फुटांत राहतो. पण त्याची प्रसिद्ध जात स्कॉटलंडची, कडक थंडीत विसावणारी. आपल्याकडं डिसेंबरातही तशी थंडी पडत नाही. त्यात पैसे घालू नका.

उरतो ड्रममधला विलो. २०० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम अर्धा कापायचा, तळाला भोकं पाडायची, काळी माती आणि शेणखत भरायचं. रोप विकत घ्यायचीही गरज नाही. ओळखीच्या झाडाची पेन्सिलीएवढी काडी पाण्यात ठेवली तरी मुळ्या फुटतात. मधलं खोड पाच-सहा फुटांवर तोडायचं आणि दर फेब्रुवारीत डोक्यावरच्या फांद्या आखूड छाटायच्या. नवे धुमारे आपोआप खाली झुकतात. दोन-तीन वर्षांनी कुंडीतून काढून मुळंही छाटावी लागतात. खरी परीक्षा मार्चपासून वळीव पडेपर्यंत. सकाळ-संध्याकाळ पाणी, एक दिवस चुकलं तर पानं कडेनं करपतात. खाली पाण्याची थाळी ठेवलीत तर आठवड्यातून एकदा कोरडी करा, नाहीतर डासांची पैदास होते.

आता बॉटलब्रश, तोही फांद्या लोंबणारा. हा ऑस्ट्रेलियातल्या ओढ्याकाठचा, त्यामुळं पावसाळ्यातली ओल सोसतो. पण पहिली दोन वर्षं नीट पाणी घातलं की पुढं उन्हाळाही काढतो, आणि घरापुढच्या बागेत माझ्या लेखी हीच गोष्ट सगळ्यात मोठी. उंची साधारण १२ ते १५ फूट. मुळं विलोएवढी आक्रमक नाहीत, तरी चेंबरपासून आठ-दहा फूट सोडाच. फूल म्हणून जे लाल दिसतं त्या पाकळ्या नव्हेत, पुंकेसर आहेत. बहर आला की शिंजीर, म्हणजे मध पिणारे चिमुकले पक्षी, सकाळपासून त्यावर लटकलेले असतात. विलो हे सुख देत नाही.

कमी पडतो तो झुळझुळण्यात. बॉटलब्रशच्या फांद्या जाडसर, पानं राठ, विलोची लय त्याला येत नाही. दुसरी अडचण आपल्या मातीची. चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याला लोह मिळत नाही, मग शिरा हिरव्या आणि बाकी पान पिवळं दिसतं. म्हणून दोन फुटांचा खड्डा घ्या, निम्मी तांबडी माती मिसळा, तरीही पिवळेपणा आला तर चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) द्या. छाटणी बहर संपल्या संपल्या, सुकलेल्या फुलाच्या जरा खाली. जुन्या निष्पर्ण लाकडात कापू नका, तिथून फुटवा यायला फार वेळ लागतो.

आपला देशी वाळुंज विलोच्याच कुळातला, नदी-ओढ्याच्या काठचा. पण तो झुकत नाही, म्हणून इथं बाजूला ठेवला.

घरापुढच्या जमिनीत मी बॉटलब्रशच लावायला सांगेन. विलोचाच ध्यास असेल तर ड्रममध्ये लावा, तोही मे महिन्यात गावाला गेलात तरी पाणी घालणारं कुणी मागं असेल तरच.

बॉटलब्रश घ्यायला फेब्रुवारी-मार्चमध्ये, फुलं असताना जा. नर्सरीत उभा आणि लोंबता दोन्ही एकाच नावानं मिळतात. फूल ज्या फांदीला आहे ती वजनानं वाकून जमिनीकडं बघत असेल तर तेच रोप उचला. टोक आभाळाकडं असेल तर तो उभा, तो नको. आणलेलं रोप सावलीत सांभाळून जूनचे पहिले दोन चांगले पाऊस झाले की लावा.