गाईचं दूध की सोया दूध?

प्रथिनांपुरतं बोलायचं तर सोया दूध कुठेच कमी पडत नाही. गाईच्या कपभर दुधात साधारण 8 ग्रॅम प्रथिनं, बिनसाखरेच्या सोया दुधात 7च्या आसपास. बदाम किंवा ओट्सचं दूध इथे त्याच्या जवळपासही येत नाही. संपृक्त चरबी सोयात नावापुरती, लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, अजिबात नाही. दूध प्यायल्यावर पोट गुडगुडणाऱ्यांना एवढं कारण पुरे.

खरी मेख कॅल्शियमची. गाईच्या कपभर दुधात ते सुमारे 300 मिलिग्रॅम असतं. सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून घरी काढलेल्या दुधात त्याच्या पाव हिस्साही नाही, आणि बी-12 जीवनसत्त्व तर नाहीच. विकतच्या खोक्यात दोन्ही वरून घातलेलं असू शकतं, म्हणून लेबल वाचा. साखर किती तेही तिथेच कळेल. चॉकलेट-व्हॅनिलावाली खोकी मला तरी सरबतच वाटतात. आणि खोकं नीट हलवून घ्या, नाहीतर घातलेलं कॅल्शियम तळाशीच राहतं. घरी करणार असाल तर चांगलं उकळा. कच्च्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत.

थायरॉइडची गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर हवं. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी यांतलं एकही नको.

चव? कोऱ्या कॉफीत सोया दूध कधीकधी फाटतं, आणि चहात तो कच्च्या शेंगेचा वास लपत नाही. दूध पचत असेल तर मी चहापुरतं गाईचंच ठेवेन.