सहस्रधारेत स्लॅलम कयाक: एका हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या वापरानंतर

स्लॅलमसाठी, म्हणजे वाहत्या पाण्यावर टांगलेल्या दांड्यांच्या दारांतून बोट काढायच्या शर्यतीसाठी, कुठल्या कंपनीची कयाक घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी त्याचं वजन विचारतो. तेही ओल्या कपड्यांसकट, हेल्मेट आणि लाइफ जॅकेटसकट. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे के-१, म्हणजे एकट्याने चालवायची कयाक, किमान ३.५० मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद लागते, आणि बनवणारे त्या आकड्यांच्या फारसे पुढे जात नाहीत. चेक गालास्पोर्ट घ्या की स्लोव्हाक वाइदा, लांबी-रुंदी जवळपास तीच. फरक पडतो तो बोटीच्या पोटातल्या जागेचा, म्हणजे व्हॉल्यूमचा. साठ किलोच्या माणसाने ऐंशी किलोवाल्याची बोट घेतली तर तिचं शेपूट पाण्याखाली जातच नाही, आणि स्लॅलममध्ये झटकन वळायचं असतं ते शेपूट दाबूनच.

माझं वजन ६८. गेल्या पावसाळ्यानंतर मी ६५ ते ७५ किलोच्या माणसासाठीची, वापरलेली कॉम्पोझिट (म्हणजे रेझिनमध्ये बसवलेल्या तंतूंच्या कापडाची) के-१ घेतली आणि तेव्हापासून ती महेश्वरला सहस्रधारेत चालवतो आहे. ज्यांनी जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: महेश्वरच्या घाटांच्या खाली, जलकोटी गावाजवळ, नर्मदा काळ्या बेसाल्टच्या खडकांत शिरते आणि असंख्य धारांमध्ये फुटते. २०२३ मध्ये झालेल्या खेलो इंडिया युवा खेळांमधली कनू स्लॅलम इथेच झाली. इंदूरहून मानपूरचा घाट उतरून नव्वदेक किलोमीटर. बोट गाडीच्या टपावर बांधून पहाटे निघालं की उन्हं चढायच्या आत पाण्यात उतरता येतं. आपल्या इतक्या जवळ अशी जागा आहे आणि इंदूरचे फार थोडे लोक ती या खेळासाठी वापरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्लास्टिक की कॉम्पोझिट, हा प्रश्न सहस्रधारेपुरता खडकच सोडवतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की धारेच्या मधोमध इंचभर पाण्याखाली दगड असतात. अगदी नवशिक्याने पहिलं वर्ष प्लास्टिकमध्येच काढावं. ती जड असते, वळायला आळशी असते, पण दगडावर आपटली तरी ओरखड्यापलीकडे काही होत नाही. दारं नीट जमायला लागली, म्हणजे हिरव्या-पांढऱ्या दारातून प्रवाहाबरोबर आणि लाल-पांढऱ्यातून प्रवाहाविरुद्ध न अडखळता जाता यायला लागलं, की मग कॉम्पोझिट. दाराच्या दांडीला स्पर्श झाला तर २ सेकंदांचा दंड, दार चुकलं तर ५० सेकंदांचा. त्या २ सेकंदांचं मोल कळायला लागलं की हलक्या बोटीचं मोल आपोआप कळतं. कॉम्पोझिटमध्येही शर्यतीची अतिहलकी कार्बन बोट इथे घेऊ नये. काचतंतू आणि केव्हलार (एक चिवट कृत्रिम धागा) यांची जाडसर बांधणी घ्यावी.

आता सीट. सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला आणि सगळ्यात जास्त फळही इथेच मिळालं. आधीचा मालक माझ्यापेक्षा चांगला उंच होता. लांब पायांचं वजन पुढे पडतं, म्हणून त्याने सीट मागे सरकवून रेझिनने जोडली होती. मी बसलो की नाक वर आणि शेपूट पाण्यात. एडीत, म्हणजे खडकामागच्या उलट्या पाण्यात, शिरताना बोट गर्रकन फिरायची पण लगेच तिथेच थबकायची. बाहेर पडायला पुन्हा शून्यापासून वल्ही मारावी लागायची. सराव करणाऱ्या पोरांपैकी एकाने काठावरून बघून सांगितलं, ‘अंकल, नाव पीछे से बैठ रही है, सीट आगे लो.’

मी जुना जोड हॅकसॉच्या पात्याने कापला. इंदूरच्या सियागंज बाजारातून स्टीलचे नटबोल्ट आणले, सीटच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर अंतरावर भोकं पाडली आणि सीट तात्पुरती बोल्टवर टांगली. मग घाटाजवळच्या संथ पाण्यात पूर्ण सामान अंगावर घालून बसायचं आणि घाटावरून कुणाला तरी अगदी बाजूने फोटो काढायला सांगायचं. फोटोत शेपटाचं टोक पाण्याला जेमतेम टेकलेलं आणि नाकाचं टोक थोडं वर दिसलं पाहिजे. पण फोटो ही फक्त सुरुवात. खरी परीक्षा वाहत्या पाण्यात, आणि तीही दोन ठिकाणी: एडीत शिरताना आणि प्रवाह आडवा ओलांडताना. एक सेंटिमीटर पुढे घेतल्यावर थबकणं कमी झालं, दोनवर बोट वळून लगेच पुढे धावायला लागली. तीन सेंटिमीटरवर मात्र नाक लाटेत घुसायला लागलं आणि शेपूट दाबायला सगळं अंग लावावं लागलं. दोनवर परत आलो आणि काचेच्या कापडाच्या पट्टीने, इपॉक्सीने सीट पक्की केली. थंडीत इपॉक्सी सावकाश सुकतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत हे काम करणार असाल तर बोट दुपारी उन्हात ठेवा आणि घाई करू नका.

पायाची पट्टी, म्हणजे फुटरेस्ट, सीट पक्की झाल्यावरच लावावी, कारण सीट हलली की तीही हलते. चवडे पट्टीवर टेकलेले, गुडघे वरच्या आधाराखाली दाबता येतील एवढे वाकलेले. धडक बसली तर पाय पट्टीच्या पलीकडे घसरून अडकता कामा नये, हे हाताने चाचपून बघाच. कमरेच्या दोन्ही बाजूंना फोम लागतो. योगा मॅटचा मऊ फोम दबला की दबलेलाच राहतो. चपलांच्या सामानाच्या दुकानात ईव्हीएची शीट मिळते ती टणक असते आणि पाणी पीत नाही. फेव्हिकॉल एसआर दोन्ही पृष्ठभागांना लावून, हाताच्या बोटाला चिकटेनासा झाला की दाबायचा. फोम इतकाच जाड हवा की कंबर हलवली तर बोट हलली पाहिजे, पण स्प्रे डेकची, म्हणजे कमरेभोवती बसून बोटीचं तोंड झाकणाऱ्या आवरणाची, दोरी ओढल्यावर मांड्या सुटून आपण एका झटक्यात बाहेर आलो पाहिजे. ही उलटून बाहेर येण्याची चाचणी संथ पाण्यात, शेजारी कुणी उभं असताना, फोमचा प्रत्येक बदल केल्यावर करायची. यात मी कधीच सूट घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका.

वल्ह्याबद्दल थोडक्यात. माझी उंची १७० सेंटिमीटर आणि वल्हं २०० चं, पात्यांमधला कोन ६० अंश. पहिलं वल्हं लांबी आणि कोन बदलता येणारं घ्या, हंगामभर वापरा, मग पक्कं घ्या. पात्याच्या कडेला धातूची पट्टी असेल तर उत्तम, कारण बेसाल्ट नुसत्या कार्बनची कड भराभर खातो.

आपल्याकडच्या उन्हाबद्दल कुठल्याही माहितीपत्रकात काही नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो. नाकात आणि शेपटात भरायच्या हवेच्या पिशव्या एप्रिल-मे मध्ये गच्च फुगवून बोट टपावर ठेवलीत तर वाटेतल्या धामनोदपर्यंत त्या तट्ट होतात आणि शिवणीवर ताण येतो. निघताना निम्म्या भरा, पाण्यावर पोचल्यावर पूर्ण करा, परतताना पुन्हा हवा सोडा. निओप्रीनचा स्प्रे डेक सावलीतच वाळवा.

बोटीच्या तक्रारी दोन. वरच्या आणि खालच्या भागाचा जोड मागच्या बाजूला झिरपत होता; आतून पट्टी मारल्यावर थांबला. आणि शेपटाचा तळ दगडांवर घासून पातळ झाला आहे, तिथे आतापर्यंत काही थिगळं बसली. दुरुस्तीला स्वस्त पॉलिएस्टर रेझिन वापरू नका, इपॉक्सीच्या बोटीवर ते नीट धरत नाही. केव्हलार घासला की त्याचे तंतू उभे राहतात, म्हणून वरचा थर नेहमी काचेच्या कापडाचा ठेवा. तो घासून गुळगुळीत करता येतो.

हेल्मेट ईएन १३८५ या युरोपीय मानकाचं हवं, सायकलचं चालत नाही. जॅकेटसाठी शर्यतीचा नियम असा आहे की त्याने ६.१२ किलोचं स्टीलचं वजन तरंगत ठेवलं पाहिजे. जुनं जॅकेट घेत असाल तर त्याला तेवढं वजन बांधून ते पाण्यात टाकून बघा. आतला फोम वर्षांनुवर्षं दबून कमी झालेला असू शकतो. बोटीच्या दोन्ही टोकांपासून ३० सेंटिमीटरच्या आत धरायची दोरी लागते. माझ्या बोटीच्या दोऱ्या झिजल्या होत्या, त्या पहिल्याच आठवड्यात बदलल्या.

पुढच्या हंगामात सीटखाली एक सेंटिमीटर फोम घालून बघणार आहे. उंच बसलं की वल्ह्याला जोर मिळतो, पण तोल कमी होतो, तेव्हा आधी संथ पाण्यात. पन्नास किलोच्या आतल्या मुलांसाठी कुणी बोट शोधत असेल तर माझ्या बोटीची मापं घेऊ नका; त्यांना सगळ्यात लहान व्हॉल्यूमचीच बोट लागेल.