पत्र्याला चुना की शेडमध्ये कूलर?

मे महिन्यात सोलापुरात पारा ४० च्या वर जातो. यंत्रमागाच्या शेडमध्ये खरी झळ लागते ती डोक्यावरच्या तापलेल्या पत्र्याची. कूलर तिला हात लावत नाही; समोरच्या दोन मागांवर गार वारा येतो, कोपऱ्यातला कामगार तसाच भाजतो. त्यात सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद. मग ओल साचते, घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. शिवाय नळाला रोज पाणी कुठे येतं?

चुना ऊन वरच्या वर परतवतो. पावसात धुपतो, दरवर्षी उन्हाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो, एवढंच. पैसे एकाच कामापुरते असतील तर मालकांनी आधी चुनाच मारावा. प्यायचं पाणी आणि दुपारची विश्रांती मात्र दोन्हीकडे हवीच.