ऑप्ट-आऊटवर सही करून ११ महिने: वापरानंतरचा अनुभव

इंग्लंडात लिमिटेड कंपनी काढून कॉन्ट्रॅक्टिंग करणाऱ्यांना ऑप्ट-आऊट काय ते सांगायला नको, काम मिळवून देणाऱ्या एजन्सीला बांधून ठेवणाऱ्या २००३ च्या कंडक्ट रेग्युलेशन्सचं (नियमांचं) संरक्षण नको असं लिहून द्यायचा तो एकपानी फॉर्म. मला तो आला काम सुरू केल्यावर चौथ्या दिवशी, तारखेची जागा रिकामी, आणि एजन्सीच्या मेलमध्ये 'इंटरव्ह्यूच्या आधीची तारीख टाक, सगळे टाकतात, आयआर ३५ ला पण बरं पडतं'. (आयआर ३५ म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला नोकरदारासारखा टॅक्स लागतो का त्याचा नियम, तो प्रत्यक्ष काम कसं चालतं त्यावर ठरतो, या फॉर्मवर नाही, पण तेव्हा कुठे माहीत.) सह्या दोन, एक कंपनीची, एक माणसाची, आमच्याकडे दोन्ही मीच. केल्या. तारीख मात्र त्या दिवसाचीच टाकली, हुशारी म्हणून नाही, सवयीने.

सात-आठ महिने काही जाणवलं नाही. तेव्हा विचारलं असतं तर पाचपैकी चार दिले असते.

मग ऑगस्ट. क्लायंटचा मॅनेजर तीन आठवडे सुट्टीवर, टाइमशीट अप्रूव्ह करणारा तो एकटाच. एजन्सी म्हणे सही नाही तर पैसे नाहीत. ७,००० पौंड अडकले आणि मॉर्गेजचा हप्ता एक तारखेला. टीम लीडचा मेल पाठवला की हा माणूस रोज कामावर होता, तरी पोर्टलवर तो हिरवा टिक नाही म्हणजे नाही. त्या टिकवर मी अख्खा निबंध लिहीन. रोज जेवण झालं की पोर्टल उघडायचो, 'पेंडिंग', बायको ताटं उचलताना नुसती बघायची, काही बोलायची नाही, ते जास्त लागायचं.

वकिलाला पैसे देणं जिवावर आलं म्हणून रेडिंग-पॅडिंग्टन गाडीत ती २००३ ची रेग्युलेशन्सच वाचली, ती फुकट आहेत. नियम १२: क्लायंटची सही नाही एवढ्या कारणावर केलेल्या कामाचे पैसे अडवता येत नाहीत. नेमकं हेच मी सही करून सोडलेलं! स्लाउ स्टेशन येईपर्यंत स्वतःलाच शिव्या घातल्या. मग नियम ३२: ऑप्ट-आऊटची नोटीस क्लायंटशी गाठ घालून देण्याआधी किंवा कामावर पाठवण्याआधी द्यायला लागते. यातलं कुठलं धरायचं यावर एजन्स्या वाद घालतात, खुशाल घाला, मी तर चार दिवस काम करून मोकळा झालो होतो, म्हणजे दोन्हीकडून माझी सही उशिराची. शिवाय ऑप्ट-आऊट केलंस तरच काम, अशी अटही घालता येत नाही.

एजन्सीला तीन ओळींचा मेल टाकला, सोबत फॉर्म आणि त्यांचाच 'आधीची तारीख टाक' वाला मेल. तिसऱ्या दिवशी पैसे जमा. सॉरी वगैरे नाही, 'सिस्टिम इश्यू' होता म्हणे.

आता जरा मत बदलतोय. ऑप्ट-आऊट नाही केलं तरी सगळं गुळगुळीत नसतं, एजन्सी तास पडताळायला थोडा वेळ घेऊ शकते, ओळखपत्रांची कटकटही असते. पण नियम १० बघा: काम संपल्यापासून ८ आठवडे किंवा सुरुवातीपासून १४, जे उशिरा येईल ते, त्यानंतर क्लायंटने थेट घेतलं तर एजन्सीला त्याच्याकडून फी मागता येत नाही. माझ्या काँट्रॅक्टमध्ये १२ महिने थेट जायला बंदी लिहिली होती.

एकूण पाचपैकी दीड, त्यातला अर्धा त्या रिकाम्या तारखेच्या जागेला. काल एक्स्टेन्शन आलं, सोबत परत तोच फॉर्म, 'रिन्यूअलसाठी मँडेटरी'. मी लिहिलं, फॉर्म सोडून बाकी पाठवा. सकाळपासून रिक्रूटरचे दोन मिस्ड कॉल आहेत, जेवून घेतो मग उचलतो.