टोलेडोची रेपियर घेताना मी फसलो, तुम्ही फसू नका

स्पेनला जाणार असाल आणि तलवारींचं वेड असेल तर हे वाचूनच जा. मी म्युनिकला राहतो, दोन वर्षं इथल्या क्लबमध्ये जुनी इटालियन तलवारबाजी शिकतोय, कापो फेर्रो या इटालियन उस्तादाने १६१० मध्ये लिहून ठेवलेले डाव. स्वतःची रेपियर, म्हणजे भोसकण्यासाठीची लांब सडपातळ तलवार हवी म्हणून आठ महिने पैसे साठवले आणि मे मध्ये माद्रिदहून ट्रेन पकडून तलवारींसाठी प्रसिद्ध असलेलं टोलेडो गाठलं.

दुकानदार एकदम गोड बोलणारा. म्हणाला १५६० च्या तलवारीची हुबेहूब कॉपी आहे, हाताने घडवलेली, स्प्रिंग स्टील म्हणजे वाकलं तरी परत सरळ होणारं, धार नाही, टोकाला रबर लावा आणि बिनधास्त सराव करा. पात्यावर टोलेडो कोरलेलं, मुठीपुढे हात वाचवणारी वाटीसारखी जाळीदार परज. ३४० युरो दिले.

पहिल्याच रविवारी सरावाच्या खांबावर दहा-बारा वार केले असतील नसतील, खाडकन आवाज आला आणि पातं मुठीतून निसटून माझ्या मित्राच्या पायाजवळ जाऊन पडलं. एक मीटरचं लोखंड, त्याला लागलं असतं तर काय झालं असतं हा विचार अजून जात नाही डोक्यातून. तुटलेली जागा पाहिली तर मुठीत पातं गेलेलंच नाही, शेवटाला पेन्सिलीएवढी, स्क्रूसारखे आटे पाडलेली सळई वेल्ड केलेली आणि वेल्डमध्ये आत गंज. आमच्या सरांनी बघताक्षणी सांगितलं, हे स्टेनलेस आहे, भिंतीवर टांगायचं. खऱ्या रेपियरचं पातं मुठीजवळ जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं, त्याचीच निमुळती शेपटी अख्ख्या मुठीतून पार मागच्या गोळ्यापर्यंत जाते, वजन साधारण एक ते सव्वा किलो आणि तोल परजेपासून चार-पाच बोटं पुढे. माझं पातं सगळीकडे सारखंच जाड होतं, म्हणून टोक सतत खाली ओढायचं, मला वाटलं सवय नाही म्हणून.

आणि ती वाटीसारखी परज, ती आली १७ व्या शतकात, १५६० ला वळवलेल्या कड्यांची परज असायची. हे मला माहीत होतं तरी दुकानात सुचलं नाही याचं फार वाईट वाटतं. पात्यावरच्या नावाला तर मुळीच भुलू नका, जर्मनीतल्या झोलिंगनचे कारागीर चारशे वर्षांपूर्वीसुद्धा आपल्या पात्यांवर टोलेडोच्या उस्तादांची नावं ठोकायचे, कधी कधी स्पेलिंगही चुकलेलं. युरोपातली अशी पाती जहाजाने आपल्याकडे दख्खनलाही यायची, त्यांना आपली मूठ बसवली की ती फिरंग. तेव्हा म्युझियममध्ये फिरंगीवर परदेशी अक्षरं दिसली तर तीही नीट तपासूनच घ्यावी लागतात.

दुकानदाराला मेल केला, फोटो पाठवले. उत्तर आलं बिल बघा. बिलावर बारीक अक्षरात स्पॅनिशमध्ये छापलंय, एस्पादा देकोरातिवा, म्हणजे शोभेची तलवार. तोंडी सराव करा म्हणाला आणि कागदावर हे, पैसे काही परत मिळाले नाहीत. म्हणून सांगतो, पैसे द्यायच्या आधी बिलावर सरावासाठी असं लिहून घ्या, मूठ उघडलेला फोटो मागा, स्टीलचा ग्रेड विचारा, आणि टाळाटाळ केली तर सरळ बाहेर पडा.

तुटलेलं पातं आता क्लबच्या कपाटात ठेवलंय, नवीन कोणी तलवार घ्यायला निघालं की सर आधी तो वेल्ड दाखवतात.