तळ्यावरची पक्षीरोधक जाळी: घ्यावी, पण जाड दोऱ्याची

पाणकावळा दिवसाला साधारण 400 ते 500 ग्रॅम मासे खातो. एकाला मारलं तरी त्याची जागा दुसरा घेतो. युरोपीय संघाच्या नियमांतही, मत्स्यव्यवसायाचं गंभीर नुकसान होत असेल आणि दुसरा समाधानकारक उपाय नसेल, तरच शिकारीची सूट मिळते. लहान मत्स्यसंवर्धन तळ्यासाठी तो उपाय म्हणजे ही नायलॉनची जाळी.

5 सेंटिमीटर आसाची (म्हणजे जाळीच्या भोकाची) जाळी पाणकावळे आणि बगळे नक्की अडवते. खंड्या मात्र त्यातून आत शिरू शकतो. दोरा जाड आणि ठळक दिसणारा हवा. पारदर्शक बारीक तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा) पक्ष्यांना दिसत नाही, पाय-पंख अडकून ते तडफडून मरतात. असली जाळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

बहुतेक फसगत बांधणीत होते. जाळी पाण्यापासून दीड-दोन मीटर उंच, तारेवर ताणून बांधावी. झोळ पडला की बगळा वरून चोच घालतो. कडा जमिनीपर्यंत आणाव्यात, नाहीतर तो काठावरून चालत आत येतो. वादळानंतर फाटलेले आस लगेच विणावेत. मोठ्या जलाशयावर ही जाळी परवडत नाही, टिकतही नाही.