799 रुपयांचा पट्टा आणि रिफंडचा फोन

ज्येष्ठांना ऑनलाइन खरेदीत मोठा फटका बसतो तो अनेकदा खरेदीनंतर, पैसे परत मागताना. फेसबुकवर जाहिरात दिसते: 2,999 चा गुडघ्याचा पट्टा 799 ला. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणून ऑर्डर बिनधास्त दिली जाते. कुरिअरवाला पैसे घेतल्याशिवाय खोकं उघडू देत नाही. आत निघते चिंधी. इथवर नुकसान 799 चं.

माल खराब निघाला की दुकानदाराला गाठायचं, ही आयुष्यभराची सवय. वेबसाइटवर पत्ता नसतो, म्हणून गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधलं जातं. भामट्यांनी तिथे आपले मोबाइल नंबर आधीच पेरलेले असतात. पलीकडचा ‘काका, काळजी करू नका’ म्हणतो, तक्रार क्रमांकही देतो. मग ‘फॉर्म भरायला’ स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला लावतो, नाहीतर व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे उघडताच फोनवर ॲप बसवणारी फाइल पाठवतो. झालं, आलेला ओटीपी त्यालाही दिसतो. दुसरी युक्ती याहून साधी: ‘रिफंड कोड 49850 टाका, मग पिन.’ तो कोड म्हणजे रक्कम, आणि ती चौकट पैसे पाठवण्याची. अक्षरं बारीक, कानाशी अखंड बडबड, फोन ठेवू देत नाहीत. पैसे खात्यात यायला यूपीआय पिन लागतच नाही, हे त्या घाईत आठवत नाही.

म्हातारी माणसं लोभापायी फसतात असं सर्रास म्हणतात. इथे तर माणूस स्वतःचेच 799 मागत असतो! लाखांचं नुकसान होतं, कारण पेन्शन आणि निवृत्तीची रक्कम यूपीआय जोडलेल्या त्याच खात्यात पडून असते. शिवाय मुलं बोलतील या भीतीने दोन-चार दिवस गप्प राहणं. तेवढ्यात पैसे चार खाती फिरून एटीएममधून निघून जातात.

असं घडलंच तर आधी फोनचं वायफाय आणि डेटा बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं गोठवा, लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा. व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक हाताशी ठेवा. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. भामट्याने घ्यायला लावलेलं ॲप काढून टाका, मग पिन बदला.

यूपीआयला वेगळं खातं जोडून त्यात चार-पाच हजारच ठेवावेत. रिफंड मागायचा तो ज्या ॲपवर ऑर्डर दिली त्यातल्याच ‘माय ऑर्डर्स’मधून, तिथे सोय नसेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915.